मधला फ्लॅट

आमच्या मजल्यावर तीन फ्लॅट. लिफ्टमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला सर, उजव्या हाताला नाना आणि समोर मध्ये आम्ही. सर डाव्या विचारांचे, नाना उजव्या. बिल्डरने मंजूर नकाशातली बाकी प्रत्येक गोष्ट बदलली, पण एवढं एक काटेकोर पाळलं, असं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. पुढे लक्षात आलं की मी माझ्या उंबऱ्यात उभा राहून बाहेर पाहिलं की डावीकडे नाना येतात आणि उजवीकडे सर. 1789 साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेत राजाचे कैवारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधक डाव्या हाताला, आणि तेव्हापासून सगळं जग डावं-उजवं करत सुटलं. पण हे सगळं अध्यक्षांच्या खुर्चीवरून पाहिलेलं. समोरच्या दारातून आत येणाऱ्या शिपायाला ते उलटंच दिसलं असणार. शिपायाचं मत कुणी विचारलं नाही. मधल्या फ्लॅटवाल्याचंही कुणी विचारत नाही. त्याला फक्त ऐकवतात.

ठिकाण कोथरूड, त्यामुळे ऐकवणाऱ्यांची ददात नाही. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तरुणपणी राष्ट्र सेवा दल, आता टीपॉयवर ‘साधना’. नाना बँकेतून निवृत्त. पहाटे शाखा, टीपॉयवर ‘विवेक’. टीपॉय मात्र एकाच सुताराने एकाच आठवड्यात केलेले. पाठीमागे नाना सरांना ‘फुरोगामी’ म्हणतात आणि सर नानांना ‘भक्त’. समोरासमोर ‘प्राध्यापक’ आणि ‘नानासाहेब’. पुण्यात कुणी कुणाला नेहमीपेक्षा जास्त आदराने हाक मारली की समजावं, काल काहीतरी झालेलं आहे.

पेपर टाकणारा मुलगा अधूनमधून दोघांचे पेपर अदलाबदल करून टाकतो. ते परत केले जातात, पण लगेच नाही. आधी अग्रलेख वाचला जातो, तोही मोठ्याने, मध्येमध्ये ‘वा रे वा’ म्हणत. मग पेपर घडी घालून समोरच्याच्या कडीत अडकवला जातो. नानांनी परत केलेल्या एका पेपरात पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केलेल्या होत्या. विचारांच्या चुका दुरुस्त करायला समासात जागा नव्हती, असं ते म्हणाले.

माझ्या वाट्याला आलेलं काम म्हणजे मान हलवणं. वर-खाली नाही, डावी-उजवीकडे तर नाहीच; या दोन्हींच्या मधली एक हालचाल आहे, ती मला जमते. ती पाहून सर समजतात, मी त्यांच्याशी सहमत आहे. नानाही तसंच समजतात. बायको समजते, मी ऐकतच नव्हतो. तिघांत तीच सत्याच्या जवळ आहे.

महाराष्ट्रात शेजाऱ्याशी राजकीय वैर नेटाने चालवणं किती कष्टाचं आहे, याची बाहेरच्याला कल्पना येणार नाही. अमेरिकेत मुख्य पक्ष दोन. निवडणूक आली की माणूस घरासमोरच्या हिरवळीत आपल्या उमेदवाराची पाटी ठोकतो आणि निदान मतदानापर्यंत तरी ती पाटी खरी असते. आमच्याकडे पाटीचा रंग वाळेपर्यंत पक्ष दुसरीकडे गेलेला असतो. 2019 च्या ऑक्टोबरात भाजप आणि शिवसेनेने युती म्हणून निवडणूक जिंकली, नानांनी पेढे वाटले. मग मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं होतं की नव्हतं, यावरून युती तुटली. 23 नोव्हेंबरला सकाळी, लोक दात घासत असताना, देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. नाना मिठाईचं दुकान उघडेपर्यंत बाहेर उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा पेढे वाटले. ते सरकार सुमारे ऐंशी तास टिकलं. पेढे त्याहून जास्त टिकले. 28 तारखेला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा सरांच्या घरून बेसनाचे लाडू आले. त्या आठवड्यात आमच्या घरात गोडाला नको म्हणणं ही राजकीय भूमिका ठरली असती, म्हणून आम्ही सगळं खाल्लं.

लाडू देताना सर कसनुसे हसत होते. सत्तरच्या दशकात याच शिवसेनेविरुद्ध घोषणा देऊन त्यांचा घसा बसलेला. आता तीच सेना संविधानाची ढाल होऊन उभी राहिली, तर तिचं स्वागत करायला घसा साफ करावा लागणारच. ‘मातोश्री’ हा शब्द त्यांच्या तोंडून सहज यायला हिवाळा संपावा लागला. मग 2022 चा जून आला, आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, आणि 30 तारखेला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. आता घसा साफ करायची पाळी नानांची होती, पण त्यांना ते जड गेलं नाही. खरी कसोटी वर्षभराने लागली. ज्यांच्यावर टीका करण्यात नानांची दहा वर्षं गेली, ते अजित पवार 2 जुलै 2023 ला नानांच्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले. तो रविवार होता. नानांचं दार दिवसभर बंद राहिलं. सोमवारी उघडलं तेव्हा ते ‘दादा’ म्हणायला लागले होते.

नेत्यांचं यात काही अडत नाही. बाळासाहेब ठाकरे आणि शरद पवार यांनी आयुष्यभर एकमेकांना भाषणांतून सोलून काढलं. पण 2006 मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा सेनेने उमेदवारच दिला नाही. अशी सवलत सरांनी नानांना पार्किंगमध्येसुद्धा दिलेली नाही. शिवाय नेते बोललेलं विसरतात. आमच्याकडे सरांनी नानांचे 2014 पासूनचे सोसायटीच्या ग्रुपवरचे संदेश स्क्रीनशॉट काढून, वर्षवार फोल्डर करून ठेवलेत. नानांकडे सरांचे आहेत. नवा फोन घेताना दोघांनीही दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला तो स्टोरेज किती, हा. पक्ष फुटला की चिन्ह कुणाचं हे निवडणूक आयोग ठरवतो. शेजार फुटला की स्टीलच्या डब्याचं झाकण कुणाकडे राहिलं याचा निवाडा करायला मधला फ्लॅट आहे.

पण ग्रुपवरची विचारसरणी ही झाली दाखवायची. खरी कळते वार्षिक सर्वसाधारण सभेत. या सभेला आधी कोरम नसतो. मग नियमाप्रमाणे ती अर्धा तास तहकूब होते, आणि तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून अर्ध्या तासाने कोरमशिवाय कायदेशीर होतात. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, लिफ्ट वापरा अगर न वापरा. तळमजल्यावरचे गृहस्थ दरवर्षी याविरुद्ध उभे राहतात. त्यांना भाबडेपणाने वाटलं की सर शोषितांच्या बाजूने बोलतील. सर म्हणाले, ‘सामुदायिक मालमत्तेचा भार समुदायानेच उचलायचा असतो.’ सामुदायिक मालमत्तेने रोज तिसऱ्या मजल्यावर कोण जातं, हे तळमजल्याने विचारलं. ते इतिवृत्तात आलं नाही.

मग पाणी निघालं. पाण्याची आकारणी उपविधींत माणशी नसते, फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार यांवर असते. सरांच्या घरात माणसं दोन, नानांच्या घरात नातवंडं धरून सहा. नळ दोन्हीकडे सारखे. इथे सर पाच मिनिटांत बाजारवादी झाले. जो जेवढं वापरेल त्याने तेवढं भरावं, मीटर बसवा, फुकटची सवय लागली की संसाधनांचा अपव्यय होतो, असं सगळं त्यांनी सांगितलं. सरकारी अनुदानांना एरवी ‘रेवडी’ म्हणणारे नाना उठून उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. ‘पाणी निसर्गाचं आहे,’ ते म्हणाले, ‘त्याचे कसले हिशेब मांडता?’ महात्मा फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हा दाखला त्या दिवशी सभेत दिला गेला, आणि तो नानांनी दिला. सरांना विरोध करता येईना. मीटरचा ठराव पुढच्या सभेवर गेला. मी तटस्थ होतो. आमच्याकडे माणसं चार, म्हणजे बरोबर सरासरी.

पुण्याला हे नवीन नाही. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाला बोलावलं होतं. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी भिडेखातर कप नुसता हातात धरून खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. (स्क्रीनशॉटची कल्पना आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे.) यादीत सुधारकांचे अग्रणी न्यायमूर्ती रानडे होते, आणि त्यांच्याशी सामाजिक प्रश्नांवर कडाकडा भांडणारे टिळकही होते. मिशनरी मंडळींनी चहा देताना पक्ष विचारला नव्हता. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री बसले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून टाकलं. रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं आणि त्यांचेच अनुयायी त्यांच्यावर रुसले. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्याकडे भटजी येईनात, लेकीबाळींचं माहेरी येणंजाणं अवघड झालं. व्याख्यानाचा विषय काय होता, हे मात्र आज कुणी काढत नाही.

खोलात शिरावं तर आणखी गोंधळ. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण 1873 मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या आणि त्यांनी आठवणी लिहून सगळ्यांची सोय केली. टिळकांनी 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला कडाडून विरोध केला; पण मुलीचं लग्न सोळाच्या आधी आणि मुलाचं विसाच्या आधी करणार नाही असं लोकांनी आपणहून बांधून घ्यावं, ही सूचनाही त्याच वादात त्यांचीच. कायदा नको म्हणणाऱ्याची अट कायद्यापेक्षा कडक. टिळक आणि आगरकर 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस एकत्र राहिले, वाद घालत राहिले आणि मित्र म्हणून बाहेर आले. बाहेर आल्यावर मात्र बिनसलं. 1888 मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, आणि सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तुरुंगात पटलं आणि गावात पटलं नाही, याचं माझ्या मते कारण साधं आहे. तुरुंगात मेंटेनन्स नसतो.

ही सगळी हकीगत नाना आणि सर दोघांनाही तोंडपाठ आहे. फक्त नानांना रानड्यांचं प्रायश्चित्त आठवतं आणि सरांना टिळकांचा चहा. यावरून त्यांचं जोरदार भांडण झालं ते आमच्याकडे, चहा पिताना.

मग यांचं जमतं कसं? शहाणी माणसं याला सहिष्णुता म्हणतात. मी जवळून पाहिली आहे. ती किल्ली आहे. सरांच्या घराची जादा किल्ली नानांकडे सावरकरांच्या तसबिरीखालच्या खुंटीला असते. नानांची किल्ली सरांकडे, महात्मा फुले समग्र वाङ्मयाच्या मागे. आमच्याकडे कुणी ठेवत नाही, कारण आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. गॅसचा सिलिंडर घ्यायला, कुरिअरवर सही करायला, गुरुवारी पाणी गेलं असताना उघडा राहिलेला नळ शुक्रवारी पहाटे बंद करायला समविचारी माणूस लागत नाही, घरात असलेला माणूस लागतो. आणि निवृत्तीनंतर घरात असलेली माणसं या मजल्यावर दोनच.

22 जानेवारी 2024 ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली. पुढे मार्चमध्ये नाना अख्खं कुटुंब घेऊन दर्शनाला निघाले. निघताना प्रश्न आला देव्हाऱ्यातल्या सांजवातीचा. किल्ली सरांकडे. नाना सरांच्या दारात अवघडून उभे राहिले. त्या मंदिराबद्दल सर इतकी वर्षं काय काय लिहीत आले आहेत, हे नानांच्या फोनमध्ये फोल्डरवार होतं. नानांनी कसंबसं सांगितलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘तेलाची लावायची की तुपाची?’

आठवडाभर सर रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला नानांचं कुलूप उघडत. नास्तिक माणूस देवाच्या बाबतीत फार वक्तशीर असतो. श्रद्धाळू माणसाला वाटतं, पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तर देव समजून घेईल. नास्तिकाला ती सोय नाही. नाना परतले आणि आभार मानायला गेले. सर म्हणाले, ‘दिवा मी लावला. श्रद्धा तुमची वापरली.’ नानांनी प्रसादाचा पेढा पुढे केला, सरांनी तो खाल्ला, चांगला आहे म्हणाले, आणि त्याच रात्री धर्म आणि राजसत्ता यांच्या युतीवर एका साप्ताहिकाला चार पानी पत्र लिहून पाठवलं. ते छापून आल्यावर नाना आठ दिवस बोलत नव्हते. किल्ली खुंटीवरच होती.

बायकांचं राजकारण वेगळं आहे आणि त्यात मान हलवून भागत नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांसाठीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरांनी ती बातमी ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, ‘खेड्याने शहराला धडा दिला.’ नानांनी उत्तर दिलं की आपल्या संस्कृतीत स्त्रीला मुळातच देवीचं स्थान आहे, ठराव कसले करता. रात्री उशिरापर्यंत ग्रुपवर धूळ उडत होती. पुढच्या संक्रांतीला प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. सरांच्या मॅडम हळदीकुंकू करतच नाहीत. प्रथा पितृसत्ताक म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती बंद केली. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या, यजमान नुकतेच गेलेल्या बाईंना तत्त्वनिष्ठ घरातून काहीच बोलावणं गेलं नाही. नानांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू; त्यांच्याकडे मात्र रिवाजाप्रमाणे हळदीकुंकू होतं, आणि काकू स्वतः जिना उतरून त्या बाईंना बोलावून आल्या. नाना हबकले. ‘अगं, लोक काय म्हणतील?’ काकू म्हणाल्या, ‘हातावर तिळगूळ ठेवते ना सगळ्यांच्या, मग कशाला बोलतायत.’ हेरवाडचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. भिशीत त्या बाईंचे पैसे चालतात, मग हळदीकुंकवात त्या का चालत नाहीत, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

काकूंना आता पुरोगामी म्हणायचं का, असं मी सरांना विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘कृती योग्य आहे, पण वैचारिक बैठक नाही.’ नानांना विचारलं तर म्हणाले, ‘बैठक कसली घेऊन बसलायस, हट्ट आहे तिचा.’ काकूंना विचारायची माझी छाती झाली नाही. पुढच्या वर्षी मॅडमही त्या हळदीकुंकवाला जाऊन आल्या. वाण घेतलं, पण ते प्लास्टिकचं होतं यावर हरकत घेऊन आल्या.

नानांचा एक मुलगा टेक्ससला आहे, सरांची मुलगी न्यू जर्सीत. 2019 च्या सप्टेंबरात ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये मोदी आणि ट्रम्प हातात हात घालून फिरले, तेव्हा नाना टीव्हीसमोर उभे राहिले होते. ट्रम्प म्हणजे घरचेच झाले. 2025 च्या सप्टेंबरात त्याच ट्रम्पनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली. नानांच्या मुलाला ती लागू नव्हती, भाच्याला अर्ज करायचा होता. त्या संध्याकाळी नाना आमच्या सोफ्यावर बसून जे बोलले, ते मी सरांच्या तोंडूनही इतक्या कळकळीने ऐकलेलं नाही. ‘बाहेरून आलेल्या माणसांनी तो देश उभा केला. अल्पसंख्य आहेत म्हणून त्यांना असं वागवायचं? त्यांच्या देवळांकडे संशयाने बघायचं? सरकार सगळ्यांचं असतं, नुसतं बहुसंख्याकांचं नसतं.’ सर वाटीतले दाणे खाता खाता थांबले. ‘नानासाहेब,’ ते म्हणाले, ‘हे जरा लिहून द्याल का? खाली नुसती सही करा, देशाचं नाव मी घालतो.’

पण सरांनीही फार हसू नये. न्यू जर्सीत त्यांच्या मुलीकडे गणपती बसतो, ती दर रविवारी मुलांना श्लोक शिकायला नेते, आणि व्हिडिओ कॉलवर नातू अमेरिकन नाकातून अथर्वशीर्ष म्हणून दाखवतो. सर ते डोळे मिटून ऐकतात. एका ठिकाणी उच्चार चुकतो तिथे ते दरवेळी थांबवून दुरुस्त करतात. त्यांना ते पाठ कधी झालं, हा प्रश्न मॅडमनाही पडलेला आहे. एकूण हिशेब असा, की अटलांटिकच्या पलीकडे नाना कट्टर पुरोगामी आहेत आणि सर परंपरेचे पाईक. घोळ आहे तो फक्त मायदेशी.

यांचं एकमत झालेलं मी एकदाच पाहिलं आणि तो काळ मजल्यावर फार अवघड गेला. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली. नाना भडकले. सरही भडकले. एकाच बातमीवर, एकाच बाजूने. दोघांनाही ते सहन होईना. नाना हळूच माझ्याकडे आले. ‘प्राध्यापकांचंही हेच मत आहे म्हणतात. माझं कुठे चुकत नाही ना, बघ जरा.’ ते गेल्यावर सर आले. ‘नानासाहेब आपल्या बाजूने आहेत म्हणजे यात नक्की काहीतरी डाव आहे.’ मी मान हलवली, आणि पहिल्यांदाच ती दोघांसाठी खरी होती. 29 जूनला शासनाने निर्णय मागे घेतला. 5 जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले, आणि आमच्या टीव्हीसमोर नाना आणि सर एका सोफ्यावर आले. मध्ये एक उशी ठेवली होती. भाषणाला दोघांनी एकदम टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात नानांच्या नातवाने मोबाइलमधून डोकं काढून विचारलं, ‘आबा, व्हाय आर यू क्लॅपिंग?’ दोघेही पडद्याकडे अधिक लक्ष देऊन पाहू लागले.

या यशाची चटक लागली. सोसायटीच्या समितीची निवडणूक जवळ आली होती आणि सेक्रेटरी कुणालाच नको होते. (सेक्रेटरींचं राजकीय मत काय आहे, हे आजवर कुणाला कळलेलं नाही, ते फक्त थकबाकीची यादी लावतात.) नाना आणि सर यांनी मिळून पॅनेल उभं करायचं ठरवलं. बैठक आमच्याकडे. हॉलमध्ये मुलीचा अभ्यास चालू होता, म्हणून दोघे आतल्या खोलीत बसले आणि दार लावून घेतलं. किमान समान कार्यक्रम झटपट ठरला. पाण्याला मीटर नाही, ही सरांनी सोडलेली मागणी. दोन पार्किंग असलेल्यांना जादा आकार नाही, ही नानांनी सोडलेली. दोन पार्किंग सरांचीच आहेत, हे सांगायला नको. चेअरमनपदाचं काय ठरलं, ते मात्र दोन दिवसांनी वादात सापडलं. समितीची मुदत पाच वर्षं. सर म्हणाले, अडीच-अडीच ठरलं होतं, पहिली अडीच माझी, बंद दाराआड शब्द दिला होता. नाना म्हणाले, असं काही ठरलंच नव्हतं. हे दोन्ही संवाद ते 2019 पासून एकमेकांना आपापल्या पक्षाच्या वतीने ऐकवत आले होते, त्यामुळे कुणालाही शब्दासाठी अडखळावं लागलं नाही.

साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं.

‘मी स्वयंपाकघरात चहा करत होतो,’ मी म्हटलं.

‘चहा घेऊन तू आत आलास तेव्हाच हे ठरत होतं,’ सर म्हणाले.

‘आला, पण त्याने ऐकलं नाही,’ नाना म्हणाले. ‘ऐकतो कुठे तो कधी!’

पॅनेल फुटलं. दोघांनी अर्ज मागे घेतले, दोघांनीही त्याग म्हणून. सेक्रेटरी बिनविरोध निवडून आले आणि त्यांनी नोटीस बोर्डावर पहिलं परिपत्रक लावलं: पाण्याला मीटर बसणार. त्याखाली दुसरं: दोन पार्किंग असलेल्यांना जादा आकार. हरकती पंधरा दिवसांत लेखी द्यायच्या आहेत. दोन्ही परिपत्रकांविरुद्ध एकच संयुक्त निवेदन द्यायचं ठरलंय, आणि त्याचा मसुदा करायला नाना आणि सर उद्या सकाळी सात वाजता आमच्याकडे येतायत. बायकोने विचारलंय, निवेदनावर पहिली सही कुणाची हे ठरलंय का, आणि नसेल ठरलं तर या वेळी हॉलमध्येच बसा, दार उघडं ठेवा, मी पण ऐकते.